घमेलाभर पाण्यातली बदकं
(कोकणातल्या बागप्रेमींसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘परसातली बदकं आणि पाण्याचं नियोजन’. पाण्याकडे मी येणारच आहे. घरी बदकं आहेत म्हटलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, “तळं कुठाय?” तळं नाही, आणि चार बदकांसाठी ते लागतही नाही. पोहायला मिळालं तर बदक खूश होतं, पण त्याच्याशिवाय चालत नाही ते डोकं बुडेल एवढं पाणी. डोळे आणि नाकपुड्या धुता आल्या नाहीत की त्या चिकटतात. खाद्यही पाण्याबरोबरच गिळायचं असतं, म्हणून खाद्याशेजारी पाणी नसेल तर घास घशात अडकतो. हे घमेल्यात भागतं. कसं, ते पुढे सांगते.

पण आधी खाण्याबद्दल बोलू द्या, कारण तिथे जे चाललंय ते बघवत नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी बाजारातून पिल्लं आणली. पिवळीधमक, चोचीच्या टोकाला अजून तो पांढरा दाणा होता. खाद्याच्या दुकानात विचारलं, तर उत्तर मिळालं, “बदक म्हणजे पाण्यातली कोंबडीच. हेच घाला.” काकूंनी कोंबडीच्या खाद्याची ती पिशवी आणली, विश्वासाने घातलं. थोड्याच दिवसांत पिल्लं ढोपरावर बसायला लागली. एक पिल्लू अजून डोळ्यांसमोर आहे. खाद्याची थाळी वीतभर लांब, आणि ते उठता येईना म्हणून इवले पंख जमिनीवर मारत, वल्हवत तिकडे सरकत होतं. काकू म्हणाल्या, “पाय मुरगळलाय वाटतं गं.” पाय मुरगळला नव्हता. बदकाच्या पिल्लाला नायासिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लाच्या जवळपास दुप्पट लागतं. ते कमी पडलं की पाय वाकतात. आम्ही यीस्टची पूड खाद्यात कालवायला सुरुवात केली. दोन पिल्लं उभी राहिली, बाकीची गेली. मला राग त्या पिशवीचा नाही, विचारायला आलेल्या माणसाला ठाम चुकीचं सांगण्याचा आहे. माहीत नसेल तर “डॉक्टरांना विचारा” म्हणायला काय लागतं?

त्याच दुकानांत पावसाळ्यात शेंगदाण्याची पेंड विकतात. आपल्याकडची हवा तुम्हाला माहीत आहे, आषाढात पोतं जमिनीवर ठेवलं की आठवड्यात बुरशी. कोंबडी ती काही प्रमाणात सोसते, बदकाचं पिल्लू अजिबात नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, बदकाची पिल्लंही मेली, आणि शोध घेतल्यावर कारण निघालं ब्राझीलहून आलेली बुरशीची भुईमूग पेंड. अफ्लाटॉक्सिन हे विष त्यातूनच उजेडात आलं. पुढे कित्येक वर्षं प्रयोगशाळांमध्ये हे विष ओळखायला बदकाचीच पिल्लं वापरत, इतकं त्यांचं यकृत त्याला नाजूक. म्हणून कुबट वास आलेली पेंड स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. आणि पाहुण्यांची मुलं पाव टाकतात, तो हातातून काढून घ्या, वाईटपणा आला तरी चालेल. त्यांना बिनमिठाचा सुका जवळा भिजवून द्यायला सांगा. मग बघा, बदकं कोणाच्या मागे लागतात ते!

मागून कुणीतरी विचारलं, “गोगलगायी खातात का?” खातात, मिटक्या मारत. २०२२ च्या खरिपात लातूर-बीडकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती, तेव्हा आपल्या परसातल्या या चार चोचींचं मोल मला आणखी पटलं. शेतभर संकटाला चार बदकं पुरणार नाहीत, पण अळवाच्या वाफ्याला पुरतात. जपानच्या फुकुओकात ताकाओ फुरुनो नावाचे शेतकरी १९८८ पासून भातखाचरातच बदकं सोडतायत. तण आणि किडे खाऊन होतात, वर खत मिळतं. फक्त गोगलगायींसाठी विषारी गोळ्या टाकल्या असतील तर त्या बागेत बदक फिरकू देऊ नका.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, तेव्हा आता भरभर. रात्री खुराडं पक्कं बंद हवं, कारण मुंगूस छोट्या फटीतूनही वाट काढतं. खाली भाताचं तूस, ओलं झालं की बदला. चार-पाच माद्यांमागे नर एकच, नाहीतर माद्यांच्या मानेवरची पिसं उपटली जातात. शेपटीवर वर वळलेलं पीस दिसलं की तो नर. सकाळी नऊच्या आधी सोडू नका, अंडी बहुधा पहाटे घालतात, मग ती झुडपांत शोधत बसावं लागतं. खाकी कॅम्पबेल ही बदकाची जात अंड्यांना उत्तम, पण बसायला नाखूश, तेव्हा अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवा. पिल्लं निघायला २८ दिवस धरा. बर्ड फ्लूचं विसरू नका. २००६ मध्ये तो आपल्याच नवापूरला आला होता, आणि बदक आजारी न दिसताही तो विषाणू बाळगू शकतं. पक्षी अचानक मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आणि पाणी. सिमेंटचं तळं बांधू नका. उन्हाळ्यात साचून कुजलेल्या पाण्यात बोट्युलिझमचं विष तयार होतं, बदकाची मान लुळी पडते. त्यापेक्षा घमेलं किंवा अर्धा कापलेला ड्रम घ्या, रोज भरा. तासाभरात त्याचा चिखल होतो, होऊ दे. संध्याकाळी ते पाणी माडाच्या नाहीतर केळीच्या आळ्यात ओता. दुसऱ्या दिवशी घमेलं पुढच्या झाडाशी न्या, म्हणजे एकाच जागी राड होत नाही आणि प्रत्येक झाडाला पाळी मिळते. मात्र पालक, कोथिंबीर, मुळा यांवर हे पाणी नको. विष्ठेतले जंतू कच्च्या पानावरून थेट पोटात जातात. झाडांच्या पाळीचं कोष्टक काढून आणलंय, ते दारापाशी ठेवते.