काळाचे काप

[दृश्य : शांघायची बाग. सुरुवातीला नुसतं चित्र चालू द्या, मग निवेदन.]

शांघायमधल्या एका बागेत एक आजोबा ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, करतायत. हात सावकाश वर येतो, सावकाश खाली जातो. इथवर सगळं साधंच आहे. आता त्या हाताकडे लक्ष ठेवा. हात जिथून निघाला तिथेही आहे आणि जिथे पोचला तिथेही. मधली सगळी वाट हातानेच भरून टाकलीय.

हे काम 2009-10 मधलं, नाव 'स्टॅटिक नंबर 12'. 2010 च्या सिडनी बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, ते दाखवलं गेलं. कलाकार डॅनियल क्रुक्स, जन्म न्यूझीलंडचा, मुक्काम मेलबर्न.

पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, कुठलं सॉफ्टवेअर वापरलंय? सॉफ्टवेअर आहेच. पण इथे वरून काही रंगवलेलं नाही. जे दिसतंय ते कॅमेऱ्याने टिपलेलंच आहे, फक्त त्याची मांडणी बदललीय.

[दृश्य : टेबलावर पत्ते. क्लोज-अप.]

मांडणी कशी बदलली, ते नीट बघू. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला, समजा, 25 फोटो. त्यांचा पत्त्यांसारखा एक कॅट रचला असं समजा. एक पान, एक फोटो. आपण पानं समोरून बघतो, एकामागून एक. क्रुक्स मात्र कॅट तिरका कापतात आणि कापलेली बाजू आपल्यासमोर धरतात. पहिल्या फोटोतली अगदी डावीकडची उभी चीर, दुसऱ्या फोटोतली तिच्या शेजारची, तिसऱ्यातली तिच्या पुढची, असं करत उजव्या कडेपर्यंत जायचं.

एक चीर एका पिक्सेलची धरली, तर 1920 पिक्सेल रुंदीच्या एका चित्रात 1920 फोटोंचे काप बसतात. भागिले 25. चित्राच्या डाव्या आणि उजव्या कडेत 76 सेकंदांहून जास्त फरक पडला! एकाच चित्रात सव्वा मिनिट आडवं पसरलंय.

यात झाड आणि भिंत जशीच्या तशी राहतात, कारण ती हललेलीच नाहीत. जे हललं ते ताणलं गेलं, नाहीतर चेपलं गेलं. म्हणून तर ताई ची. धावणारा माणूस घेतला असता तर त्याच्या नुसत्या चिंध्या दिसल्या असत्या.

[दृश्य : रेसकोर्स. जुने फोटो.]

ही चीर तशी जुनीच. घोड्यांच्या शर्यतीतला फोटो फिनिश याच तत्त्वावर चालतो. कॅमेरा अंतिम रेषेवर रोखलेला, आत एक बारीक उभी फट, फटीमागून पूर्वी फिल्म सरकायची. त्या फोटोत जागा एकच असते, अंतिम रेषेची. आडवा पसरलेला असतो तो वेळ. घोड्याचे पाय त्यात कधीकधी विचित्र वाकलेले दिसतात ते त्यामुळेच.

शर्यतीवरून आठवलं. 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवणारे मॅरियस सेस्तिए नंतर ऑस्ट्रेलियाला गेले आणि त्याच नोव्हेंबरात त्यांनी मेलबर्न कपची शर्यत चित्रित केली. थोडं विषयांतर झालं, पण मुंबईकरांना हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

[दृश्य : रूळ. पूर्ण पडदा. रुळांचा आवाज वर.]

सिनेमा बाल्यावस्थेत होता तेव्हा इंजिनाच्या तोंडाशी कॅमेरा बांधून चित्रण करत. गाडी दिसायचीच नाही. रूळ तेवढे अंगावर येत राहायचे. या प्रकाराला 'फँटम राइड' म्हणत. 2016 च्या आपल्या कामाला क्रुक्स यांनी तेच नाव दिलं.

समोर एक चौकट येतेय. चौकटीपलीकडचा मार्ग हा नव्हेच, तो भलत्याच ठिकाणचा आहे. कॅमेरा चौकटीतून पार होतो. जागा बदलली, उजेड बदलला, पण रूळ कुठेही तुटत नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणचे रूळ एका रेषेत आणून बसवायचे, चढ, वळण आणि वेग जुळवून. ही चिकाटी त्यांच्या ॲनिमेशनच्या शिक्षणातून आलेली असावी. त्याआधी 2013 मध्ये मेलबर्नच्या बोळांवर त्यांनी हाच हात फिरवला होता.

[दृश्य : पडद्याला वळसा घालून मागची बाजू.]

पडद्याला दोन बाजू आहेत. पुढच्या बाजूला प्रवास पुढे चाललाय. वळसा घालून मागे आलं की मागे पडत जाणारे रूळ दिसतात. तशी पाटीच लावायला हवी होती, 'कृपया मागेही या'.

[दृश्य : फेडरेशन स्क्वेअर, बाहेरून.]

हे काम झालं ते ऑस्ट्रेलियन सेंटर फॉर द मूव्हिंग इमेजसाठी, म्हणजे मेलबर्नमधल्या हलत्या चित्रांच्या संग्रहालयासाठी. तिथल्या भाषेत 'ॲक्मी'. पैसा इयान पॉटर कमिशनचा, म्हणजे इयान पॉटर फाउंडेशनच्या निधीतून कलाकाराकडून नवं काम करून घेण्याच्या योजनेचा. एक कलाकार, एक नवं काम, 1 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि तिकीटबारीचा हिशेब कुणी मागत नव्हतं. रूळ जुळवत बसायला वेळ लागतो, आणि त्या वेळाचं भाडं कुणीतरी भरावंच लागतं.

याच कमिशनचं पहिलं काम अँजेलिका मेसिटी यांचं, शिट्टीच्या भाषेत बोलणाऱ्या गावांवरचं. क्रुक्स यांचं दुसरं. तिसरं, सोडा जर्क या जोडीचं 'टेरर नलियस', 2018 मध्ये आलं. ते राजकीय निघालं आणि फाउंडेशनने त्याच्या प्रसिद्धीतून अंग काढून घेतलं. दाखवलं मात्र गेलं, ॲक्मीतच.