मूळ ओळीला हात न लावता

नमस्कार श्रोतेहो.

कंपनीने ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, गिऱ्हाइकांच्या हाती दिला आणि मालकी मात्र स्वतःकडेच ठेवली, तर त्या कोडचं गिऱ्हाइकांनी करायचं काय? दुरुस्ती केली तर ती ठेवायची कुठे? आणि एका ठिकाणची दुरुस्ती दुसऱ्याला द्यायची कशी? या प्रश्नांची फार चांगली उत्तरं आयबीएमच्या व्हीएम/३७० या सिस्टिमच्या वापरकर्त्यांकडे होती. आजचं बोलणं त्यांच्याबद्दल.

थोडी पार्श्वभूमी. आयबीएमचे गिऱ्हाईक एकमेकांना प्रोग्रॅम देऊ लागले, ते १९५५ पासून. आयबीएमचं ७०४ हे यंत्र येऊ घातलं होतं आणि लॉस एंजेलिस भागातल्या विमान कंपन्यांसह अनेक ठिकाणी तेच तेच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा लिहिले जात होते. त्यातून ‘शेअर’ ही वापरकर्त्यांची संघटना उभी राहिली. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे, आयबीएमच्याच वैज्ञानिक केंद्रात सीपी-६७ ही सिस्टिम तयार झाली. ती सोर्ससकट बाहेर पडली. तिचीच पुढची पिढी म्हणजे व्हीएम/३७०. ही जाहीर झाली ऑगस्ट १९७२ मध्ये. एका यंत्रावर बसलेल्या प्रत्येक वापरकर्त्याला आपल्यापुढे स्वतंत्र, अख्खं सिस्टिम/३७० यंत्र आहे असं वाटायला लावणं, हे तिचं काम.

तिचा गाभा, म्हणजे सीपी, असेंबलर भाषेत, म्हणजे यंत्राच्या सूचनांच्या अगदी जवळच्या भाषेत, लिहिलेला होता. त्याच्या प्रत्येक मॉड्यूलचं, म्हणजे एकेका भागाचं, नाव ‘डीएमके’ने सुरू होई. डीएमकेडीएसपी म्हणजे कोणाला प्रोसेसर कधी द्यायचा ते ठरवणारा भाग, डीएमकेआयओएस म्हणजे इनपुट-आउटपुट, डीएमकेपीटीआर म्हणजे मेमरीतली पानं आत-बाहेर करणारा. सोर्सची प्रत्येक ओळ ८० रकान्यांची, पंच कार्डाच्या मापाची. सूचना पहिल्या ७१ रकान्यांत, ७२ वा रकाना ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी, आणि ७३ ते ८० या आठ रकान्यांत ओळीचा क्रमांक. हे आठ रकाने नीट ध्यानात ठेवा, सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे.

पहिला नियम असा की कंपनीकडून आलेल्या सोर्स फाइलला कधीच हात लावायचा नाही. बदल वेगळ्या फाइलमध्ये लिहायचा, अपडेट फाइलमध्ये. जमिनीचा व्यवहार झाला म्हणून तलाठी सातबारा खोडून नवा लिहीत नाही, फेरफाराची स्वतंत्र नोंद होते आणि तिच्या आधाराने उतारा बदलतो. इथेही अगदी तसंच.

समजा, एखाद्या मॉड्यूलमध्ये ००१२०००० ते ००१२२००० या क्रमांकांच्या ओळी बदलायच्या आहेत. अपडेट फाइलमध्ये आधी डॉट आणि स्लॅश, मग ‘आर’ हे अक्षर, मग हे दोन क्रमांक, मग डॉलरचं चिन्ह आणि त्यापुढे नव्या ओळींचा पहिला क्रमांक व वाढ, म्हणजे ००१२०१०० आणि १००. त्याखाली आपल्या नव्या ओळी. ‘आर’ म्हणजे बदला, ‘आय’ म्हणजे घाला, ‘डी’ म्हणजे काढा. डॉट-स्लॅशनंतर चांदणी दिली तर ती टिपणाची ओळ. ती कधीही वगळू नये, कारण दोन वर्षांनी हा बदल कशासाठी केला होता हे तिथेच सापडतं. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. नव्या ओळींचे क्रमांक मूळ फाइलमधल्या पुढच्या ओळीच्या क्रमांकाच्या आत संपले पाहिजेत, नाहीतर क्रम बिघडल्याची तक्रार येते.

एका मॉड्यूलला लागणाऱ्या अपडेट फाइलींची यादी ऑक्स फाइलमध्ये ठेवायची. या ऑक्स फाइलींचे थर कोणते, ते कंट्रोल फाइलमध्ये लिहायचं. नवखा माणूस नेमका इथेच अडखळतो, कारण या दोन्ही याद्या खालून वर वाचल्या जातात. म्हणून कंपनीच्या दुरुस्त्या तळाला आणि आपल्या त्यांच्या वर. कंपनीची दुरुस्ती आधी लागते, त्यावर आपली बसते. मग व्हीएमएफएएसएम ही आज्ञा दिली की मूळ सोर्सची तात्पुरती प्रत निघते, तिच्यावर सगळे थर चढतात, असेंबलर चालतो आणि तयार ऑब्जेक्ट फाइलला, म्हणजे यंत्राला कळणाऱ्या रूपाला, त्या थराचं नाव लागतं. मूळ फाइल होती तशीच राहते. आपली दुरुस्ती फसली तर यादीतून एक ओळ काढायची, की झालं.

आता ही रचना एवढी महत्त्वाची का, ते सांगतो. अपडेट फाइलमध्ये काय असतं? आपण लिहिलेल्या ओळी आणि काही क्रमांक. कंपनीचा कोड त्यात जवळजवळ नसतोच. त्यामुळे ज्याच्याकडे तीच सिस्टिम रीतसर आली आहे, त्याला ती फाइल बिनधास्त देता येते, आणि ज्याच्याकडे मूळ सोर्स नाही त्याच्या ती काडीच्याही उपयोगाची नाही. मालकीला धक्का न लावता देवाणघेवाण होते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाकडून अशा बदलांची टेप वाटली जाई, आणि ‘वॉटर्लू टेप’ हा शब्द या मंडळींत रोजच्या वापरातला होता.

बदल चढवल्यावर तो चालत्या यंत्रावर आजमावायचा नाही. व्हीएमच्या आतच दुसरी व्हीएम चालवता येते. व्हीएमएफलोड या आज्ञेने गाभ्याच्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइली आपल्याच आभासी कार्ड रीडरमध्ये पाठवायच्या आणि आयपीएल ००सी म्हणायचं, म्हणजे त्या रीडरवरून यंत्र सुरू करायचं. नवा गाभा चाचणीच्या डिस्कवर लिहिला जातो. तो कोसळला तरी शेजारच्या वापरकर्त्याला पत्ताही लागत नाही. या वेळी छापून येणारा लोड मॅप जपून ठेवावा. कोणतं मॉड्यूल मेमरीत कुठे बसलं, हे त्याच्याशिवाय कळत नाही.

तरीही गोष्टी बिघडत. कंपनीच्या नव्या दुरुस्तीने नेमकी तीच ओळ काढली असेल जिच्यावर आपला बदल टेकला आहे, तर अपडेट आज्ञा तिथेच थांबते आणि सांगते. हा बिघाड सोपा. अवघड तो, ज्यात क्रमांक तोच राहतो पण आजूबाजूचा अर्थ बदलतो. आपण रिकामा समजत होतो तो रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधली आकडा ठेवण्याची जागा, आता वापरात आलेला असतो. बदल मुकाट्याने चढतो आणि सिस्टिम चार दिवसांनी पडते. तिसरा बिघाड सामाईक रचनांचा. प्रत्येक वापरकर्त्याची माहिती व्हीएमब्लॉक नावाच्या रचनेत असते. तिच्यात मधेच एका नव्या माहितीसाठी जागा घातली आणि एकच मॉड्यूल पुन्हा असेंबल केलं, तर बाकीची मॉड्यूलं जुन्याच अंतरावर हात घालत राहतात. तिथे भलतंच मूल्य असतं. अशा वेळी ती रचना वापरणारं एकूण एक मॉड्यूल पुन्हा असेंबल करावं लागतं, त्याला पळवाट नाही.

सीपी-६७ च्या काळातलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. टर्मिनलच्या ओळीची लांबी एका बाइटात मावेल असं धरून कोड लिहिलेला होता. एमआयटीच्या अर्बन सिस्टिम्स लॅबमध्ये एका प्लॉटरसाठी ती मर्यादा १२०० वर नेली गेली. एका बाइटात २५५ च्या पुढे आकडा मावत नाही. सिस्टिम एका दिवसात २७ वेळा कोसळली. बदल जिथे केला तिथे बरोबरच होता. चूक होती दुसऱ्या ओळींमध्ये, जिथे लांबी एका बाइटातली धरून हिशेब केला होता. म्हणून कोणतीही मर्यादा बदलताना ती कुठे कुठे वाचली जाते, हे आधी शोधायचं.

सोर्स हाती असल्याचा खरा लाभ सिस्टिम पडल्यावर कळे. सीपी कोसळताना एक कोड देई. त्याची पहिली तीन अक्षरं मॉड्यूलची आणि पुढे क्रमांक. कोड ‘पीटीआर’ने सुरू झाला तर डीएमकेपीटीआर उघडायचं आणि तो क्रमांक जिथे लावला आहे ती ओळ वाचायची. कोणती अट मोडली ते समोर दिसतं. मग कंपनीला नुसतं ‘सिस्टिम पडते’ असं न कळवता, अमुक ओळीवर अमुक तपासणी राहून गेली आहे असं कळवता येई, सोबत दुरुस्तीही. सोर्स देणाऱ्या कंपनीच्या पदरात पडणारा हा फायदा मला फार मोठा वाटतो.

८ फेब्रुवारी १९८३ रोजी आयबीएमने ‘ऑब्जेक्ट कोड ओन्ली’ हे धोरण जाहीर केलं. यापुढे हळूहळू फक्त ऑब्जेक्ट कोड मिळणार होता. कंपनीच्या बाजूने बोलायचं तर गिऱ्हाइकाने बदललेल्या सिस्टिममध्ये बिघाड कोणाचा, हे ठरवणं खरोखर कठीण असतं. शिवाय शेकडो बदल अंगावर घेऊन बसलेलं गिऱ्हाईक नव्या आवृत्तीवर यायला कचरतं. बदलांऐवजी एक्झिट वापरा, असा पर्याय पुढे आला. एक्झिट म्हणजे कंपनीने कोडमध्ये मुद्दाम ठेवलेली जागा, जिथे आपला प्रोग्रॅम जोडता येतो. पण ही जागा तिथेच असते जिथे कंपनीला ती सुचली. वॉटर्लू टेपवरचे बदल नेमके न सुचलेल्या जागांचे होते. वापरकर्त्यांनी त्या धोरणाला वर्षानुवर्षं विरोध केला, आणि माझ्या मते तो रास्त होता. त्या सिस्टिमची आजची वारस झेड/व्हीएम. तिच्या अनेक मॉड्यूलांचा सोर्स गिऱ्हाइकांना अजूनही मिळतो.

हे सगळं हाताने करून पाहायचं असेल तर मोठ्या यंत्राची गरज नाही. हर्क्युलिस हा मोफत एम्युलेटर साध्या लॅपटॉपवर चालतो. त्यावर व्हीएम/३७० च्या सहाव्या रिलीजवर उभी असलेली, हौशी जाणकारांनी जोपासलेली आवृत्ती बसते, सोर्ससकट. मेमरी १६ मेगाबाइटपेक्षा जास्त देऊ नका, त्यापलीकडचे पत्ते या सिस्टिमला माहीत नाहीत. पहिला बदल एखाद्या संदेशातल्या शब्दाचा करा, रचना तूर्त नको. एक अपडेट फाइल, एक ऑक्स फाइल, कंट्रोल फाइलमध्ये सगळ्यात वर आपला थर. आणि पहिलं आयपीएल ००सी आतल्या व्हीएममध्येच.