पहिल्या भेटीला जाण्याआधी

मी थेरपिस्ट आहे, म्हणजे मनाच्या त्रासावर बोलण्यातून उपचार करणारी. माझ्याकडे पहिल्यांदा येणारी माणसं बहुतेक वेळा दोन वाक्यं घेऊन येतात. एक, "मी वेडा नाहीये बरं का." आणि दुसरं, "मला फक्त सांगा, मी काय करू." पहिल्या वाक्याला मी मान डोलावते आणि आम्ही पुढे जातो. घोळ होतो तो दुसऱ्या वाक्यापाशी. आज मला खरं तर त्याच्याबद्दलच बोलायचंय, पण त्याआधी नावांचा गुंता थोडा सोडवून घेऊ.

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हा आधी डॉक्टर असतो. तो औषधं लिहून देतो आणि शरीरातली कारणंही तपासतो. थायरॉईड मंदावलं तरी माणूस उदास, सुस्त होतो. अशा वेळी नुसतं बोलत बसून काय उपयोग? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्र शिकलेला असतो. तो चाचण्या घेतो, थेरपी करतो, पण साधारणपणे औषध देत नाही. समुपदेशकाकडे माणसं नातेसंबंध, शोक, नोकरीतला ताण अशा गोष्टी घेऊन जातात. हे तिघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. एकाच माणसाला एकाच वेळी दोघांची गरज लागणं अगदी सामान्य आहे.

मात्र पाटीवरच्या शब्दावर जाऊ नका. ब्रिटनमध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे नाव नोंदणीशिवाय लावता येत नाही, पण 'काउन्सेलर' या शब्दाला तिथेही कायद्याचं संरक्षण नाही. म्हणून सरळ विचारा: तुमचं शिक्षण काय, नोंदणी कुठे आहे, माझ्यासारखा त्रास असलेल्यांबरोबर तुम्ही काम केलंय का? या प्रश्नांनी चांगला थेरपिस्ट दुखावत नाही. जो दुखावला जातो, त्याच्याकडे पुन्हा जावं का याचा विचार करा. आणि "दहा सेशनमध्ये पूर्ण बरं करतो" अशी हमी मिळाली, तर चप्पल घाला आणि निघा.

औषधांबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण इथे फार जणांचे उपचार वाया जातात. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. मळमळ, झोपेची गडबड मात्र पहिल्याच आठवड्यात हजर! म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर. मग माणूस दहाव्या दिवशी गोळ्या बंद करतो आणि म्हणतो, मला औषध लागू पडत नाही. बंद करायचं असेल तर लिहून देणाऱ्याला विचारून, हळूहळू.

आता त्या खोलीत जाऊ. पहिली भेट बरीचशी चौकशीचीच असते. त्रास कधीपासून, झोप कशी, घरात कोण, आधी काही उपचार. जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का, हेही स्पष्ट शब्दांत विचारलं जाईल. या प्रश्नाने दचकू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी उघडपणे विचारलं म्हणून सुटकेचा श्वास टाकणारी माणसं मी पाहिली आहेत.

तुम्ही सांगाल ते खोलीबाहेर जात नाही, पण याला मर्यादा आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर थेरपिस्टला गप्प राहता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली एका खुनानंतर दाखल झालेल्या दाव्याच्या निमित्ताने म्हटलं, की ज्या व्यक्तीला धोका आहे तिला वाचवण्यासाठी पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. देशोदेशीचे नियम वेगळे आहेत. तुमच्या बाबतीत रेघ कुठे आहे, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

तर, "मी काय करू?" सल्ला देणारे तुमच्याकडे आधीच भरपूर आहेत, ते फुकटही आहेत. तेवढ्याने भागलं असतं तर तुम्ही आलाच नसता. समजा एखाद्याला लिफ्टची धास्ती आहे. "घाबरू नकोस" हे त्याला सगळ्यांनी सांगून झालंय. आम्ही काय करतो? आधी लिफ्टच्या दारासमोर नुसते उभे राहतो. मग दार उघडं ठेवून आत. मग एक मजला. भीती चढते, आणि आपण पळालो नाही तर बऱ्याचदा उतरतेही, हे त्याचं शरीर तिथे शिकतं. माझ्या शब्दांनी ते शिकलं नसतं. अ‍ॅरन बेक हे मुळात मनोविश्लेषण, म्हणजे मनात दडलेलं उकलून काढण्याची पद्धत, शिकलेले डॉक्टर. 1960 च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की उदास माणसाच्या मनात स्वतःविषयीची वाक्यं झरझर वाहत असतात आणि तो ती न तपासता खरी मानून चालतो. त्यातून जी पद्धत उभी राहिली तिच्यात गृहपाठ असतो. हो, वही-पेन घेऊन. आठवड्यातली पन्नास मिनिटं माझ्याबरोबर आणि उरलेले सगळे तास तुमचे. काम त्या तासांत होतं.

किती दिवस लागतात? 1986 साली मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. आठ सेशनपर्यंत साधारण निम्म्या लोकांत मोजता येण्याजोगी सुधारणा होती आणि सव्वीसपर्यंत सुमारे 75 टक्क्यांत. म्हणजे सगळ्यांत नाही, हेही ऐका. शिवाय सुधारणेची रेघ सरळ वर जात नाही. जुनी जखम उघडल्यावर दोन-तीन आठवडे आधीपेक्षा वाईट वाटू शकतं.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये थेरपिस्ट आणि येणारा माणूस यांच्यातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे पोहोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. मला हे पाठ होतं. तरी माझ्या सुरुवातीच्या काळात एक बाई सहा आठवडे आल्या, दर वेळी "छान चाललंय" म्हणाल्या आणि यायच्या बंद झाल्या. नंतर त्यांचं पत्र आलं. मी रडत असताना तुम्ही वहीत लिहीत होता, असं त्यात होतं. मी खरंच लिहीत होते! तेव्हापासून वही बाजूला गेली, आणि दर दोन-तीन भेटींनी मी विचारू लागले, माझं काय चुकतंय?

पण सगळेच थेरपिस्ट विचारतील असं नाही. म्हणून तुम्ही बोला. "मागच्या वेळचं तुमचं बोलणं मला लागलं." "आपण नुसत्या गप्पा मारतोय असं वाटतं." हे बोलणं उद्धटपणाचं नाही, ते उपचाराचंच काम आहे. ज्याला बाहेर कुणावर रागावता येत नाही, त्याच्यासाठी तर ही बहुधा पहिली तालीम असते. त्यावर थेरपिस्ट ऐकून घेतो की सफाई देत बसतो, यावरून पुढे जायचं की नाही ते ठरवा. एका प्रकारची तक्रार मात्र बोलून सोडवायची नसते: थेरपिस्टने शारीरिक किंवा प्रेमाची जवळीक साधू पाहिली, उसने पैसे मागितले, तर चर्चा करत बसू नका. बाहेर पडा आणि त्याची नोंदणी जिथे आहे तिथे तक्रार करा.

आणि थांबायचं ठरवलंत तर फोन न उचलता गायब होऊ नका. एक शेवटची भेट मागून घ्या. काय उपयोगी पडलं, काय नाही, त्रास परत आला तर पहिली खूण कोणती असेल, हे त्या भेटीत दोघांनी मिळून कागदावर उतरवायचं. तो कागद घरी न्यायचा तुम्ही. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे कुणाचा तरी हात केव्हाचा वर आहे.