नॉमिनी कोण लावलाय?

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेत ‘नाकारा खटला आणि आपली पेन्शन’ असं छापलंय. ते वाचून सकाळी एका गृहस्थांचा फोन आला, ‘वकीलसाहेब, नाकारायचं म्हणजे नक्की काय?’ नाकारा हे आडनाव आहे हो. त्यांच्याकडे येतोच.

या महिन्यात वकिली थांबवतोय. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळच्या खोलीतल्या फायली बांधताना एक सापडली. पेन्शन, ग्रॅच्युइटीची भांडणं निवृत्तीला सुरू होतात असं लोकांना वाटतं. माझ्या मते ती रुजू होण्याच्या दिवशीच सुरू होतात. बाविशीचा पोरगा कारकुनाने पुढे केलेल्या फॉर्मवर वाटेल ते नाव लिहितो आणि विसरतो.

सातपूरच्या एका कारखान्यातला कामगार नोकरीत असतानाच गेला. बाई ग्रॅच्युइटी मागायला गेल्या, तर नॉमिनी निघाला नवऱ्याचा लग्नाआधीचा खोलीतला जोडीदार! कंपनी म्हणाली, त्याची सही आणा. आम्ही शोधायला लागलो. सिन्नर, मग निफाड, मग मनमाड. माणूस काही हाती लागेना. निरोप ठेवला की तो गाव बदलायचा. शेवटी मनमाडच्या स्टँडवर त्याच्या मेव्हण्याने गाठून दिला. काय झालं होतं, तर तरुणपणी तो कुणाच्या तरी सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिला होता. वकील शोधतोय म्हटल्यावर त्याला वसुलीच वाटली! मित्र गेल्याचंही त्याला माहीत नव्हतं. स्टँडवरच रडला आणि मी न मागता कोऱ्या कागदावर सही केली. कोऱ्या कागदावर सही! म्हणजे जामीनकीतून काही शिकला नव्हता.

आता माझी लाज. ती सही लागतच नव्हती. तेव्हा ग्रॅच्युइटी कायदा १९७२चा होता, त्याचं कलम ६. कुटुंब नसताना केलेलं नामनिर्देशन लग्न होताच रद्द होतं. हक्क वारसांचा. हे कलम मी दोन महिने मनमाड पालथं घातल्यावर वाचलं. बाईंनी फी देताना विचारलं, ‘साहेब, एसटीचं भाडं वेगळं द्यायचं का?’ नाही घेतलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं, नाकारा. हे निवृत्त सरकारी अधिकारी, खटला त्यांनी सरकारवर लावला. सरकारने पेन्शनचं सूत्र सुधारलं, पण ३१ मार्च १९७९ किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच. आधीचे वाऱ्यावर. १७ डिसेंबर १९८२ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ही भिंत पाडली. सरन्यायाधीश होते आपले यशवंतराव चंद्रचूड, निकाल लिहिला देसाईंनी. पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा मोबदला आहे. म्हणून त्या तारखेला पेन्शनर दिन.

पण अंबड-सातपूरच्या कामगाराला याचा फार उपयोग नाही. त्याची ईपीएस, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ची, सूत्र वेगळं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. किमान पेन्शन २०१४पासून हजार रुपये. हजारात महिना काढायचा, त्यावर वेगळं व्याख्यान लावा.

चहा आला वाटतं. आपला नॉमिनी कोण हे ज्यांना आत्ता आठवत नाही, त्यांनी हात वर करा.

अध्यक्षमहाराज, तुम्हीही?