चुकीला जागा ठेवणारा बीम

स्क्रीनवर टॉवरवरची जी सपाट पांढरी पेटी दिसतेय ती 5जीची अँटेना, आणि आत एक नाही तर छोट्या छोट्या कितीतरी अँटेना ओळीने बसवलेल्या असतात. पेटी जागची हलत नाही, तरी तिचा रोख मात्र सारखा बदलत असतो. कसा, तर प्रत्येक अँटेनाच्या सिग्नलला एक वेट लावायचं, म्हणजे त्याची ताकद थोडी कमीजास्त करायची, फेज, म्हणजे लहर चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते, थोडा मागेपुढे सरकवायचा आणि मग सगळ्यांची बेरीज करायची. हव्या त्या दिशेच्या लहरी एकमेकींत मिसळून मोठ्या होतात, नको त्या दिशेच्या एकमेकींना मारतात. सिग्नलचा झोत, म्हणजे बीम, असा वळवायचा, हेच बीमफॉर्मिंग.

आता खरा प्रश्न हा की ही वेट्स ठरवायची कशी?

यासाठी जायचं अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, आणि गंमत म्हणजे तिथे रेडिओचा काहीच संबंध नव्हता. 1963 च्या करारानंतर अणुचाचण्या फक्त जमिनीखाली करता येत होत्या, त्या पकडायच्या म्हणून 1965 मध्ये तिथे 525 भूकंपमापक सुमारे 200 किलोमीटरच्या पसाऱ्यात पुरले होते. त्या मापकांच्या नोंदींवर काम करताना एमआयटीच्या लिंकन लॅबमधल्या जॅक केपॉन यांनी 1969 मध्ये एक पद्धत मांडली: हव्या दिशेचा सिग्नल जसाच्या तसा येऊ द्या, म्हणजे तिथला प्रतिसाद बरोबर 1, आणि ही अट पाळून बेरजेतून बाहेर पडणारी एकूण पॉवर जितकी खाली आणता येईल तितकी आणा. उत्तर एका सूत्रात मिळतं. मला ही मांडणी फार आवडते, कारण नको असलेले आवाज कुठून येतायत हे सांगायचीच गरज नाही, डेटाच ते सांगतो.

पण एक मोठी अडचण आहे.

3.5 गिगाहर्ट्झला लहरीची लांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर. एखादी अँटेना सिग्नलच्या दिशेने फक्त 5 मिलिमीटर पुढेमागे बसली तर फेज जवळपास 21 अंशांनी चुकतो. मोंटानात तर जमिनीच्या पोटातले खडकच सगळीकडे सारखे नव्हते, त्यामुळे लहरी हिशेबापेक्षा थोड्या आधी नाहीतर उशिरा पोचायच्या. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या 30 डिश आहेत, त्यांचे सिग्नल पल्सार, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ स्पंदनं पाठवणारे तारे, बघताना एकत्र जोडायचे तर आधी ओळखीच्या स्रोतावर फेज जुळवून घ्यावे लागतात, आणि काही वेळाने आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणातला वरचा विद्युतभारित थर, ते परत बिघडवतो. तिथे केपॉनची पद्धत वापरतात असं नाही, पण फेज चुकतो तो असा, रोजच्या कामात.

आणि केपॉनच्या पद्धतीत चूक झाली की काय होतं बघा. तुम्ही सांगितलेली दिशा आणि सिग्नलची खरी दिशा यात जरासा फरक पडला की खरा सिग्नलच तिला परका वाटतो, मग पॉवर कमी करायच्या नादात ती नेमका त्यालाच दाबून टाकते. सिग्नल जितका दणकट तितका जास्त दाबला जातो!

यावर जुना उपाय होता, डायगोनल लोडिंग, म्हणजे अँटेनांच्या सिग्नलचा आपापसातला संबंध मांडणारा जो आकड्यांचा तक्ता (मॅट्रिक्स) सूत्रात वापरतात, त्याच्या कर्णावर थोडी भर घालायची. काम होतं, पण भर किती घालायची हे बऱ्याचदा अंदाजानेच ठरायचं.

मग 2003 मध्ये व्होरोबिऑव्ह, गर्शमन आणि लुओ यांनी, आणि 2005 मध्ये लॉरेन्झ आणि स्टीफन बॉइड यांनी प्रश्नच वेगळा विचारला. अँटेनांचा प्रतिसाद, म्हणजे हव्या दिशेचा सिग्नल आला की प्रत्येक अँटेना जे आकडे देते ते, नक्की अमुकच आहे असं धरायचं नाही, तो अमुक गोलात किंवा लंबगोलात कुठेतरी आहे एवढंच धरायचं, आणि त्यातल्या प्रत्येक शक्यतेला वेट्स लावून येणारा एकूण प्रतिसाद किमान 1 मिळालाच पाहिजे अशी अट घालायची. आता गोलात बिंदू अगणित, म्हणजे अटीही अगणित, कॉम्प्युटर सोडवणार कसं?

इथे जे होतं ते मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं. गोलातला सगळ्यात वाईट बिंदू शोधायला कॉम्प्युटर लागतच नाही, कागदावर सापडतो. गोलाच्या मध्याला मिळणारा प्रतिसाद घ्या, त्यातून वेट्सच्या व्हेक्टरची, म्हणजे सगळ्या वेट्सच्या यादीची, लांबी गुणिले गोलाची त्रिज्या एवढं वजा करा, उरेल ते 1 किंवा जास्त हवं. बस, अगणित अटींची एकच अट झाली! सगळ्या वेट्सचा फेज एकदम फिरवला तर पॉवर बदलत नाही, म्हणून मध्याचा प्रतिसाद सरळ धन वास्तव संख्या धरता येतो आणि प्रश्न कॉन्व्हेक्स होतो, म्हणजे सापडलेलं उत्तर सगळ्यात चांगलंच असणार. लॉरेन्झ आणि बॉइड यांनी तर हेही दाखवलं की याला लागणारं गणित साधारण जुन्या केपॉनइतकंच आहे.

फुकट मात्र काही मिळत नाही. गोल अगदी लहान ठेवला तर जुनाच त्रास, मोठा केला तर नको असलेले आवाज आधीसारखे खोल दाबले जात नाहीत, आणि इतका मोठा केला की शून्यसुद्धा त्यात आलं, तर प्रश्नाला उत्तरच राहत नाही. म्हणून सगळीकडे सारखा फुगवलेला गोल घेण्यापेक्षा अँटेनांचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा मोजायचा, मोजमापं कुठल्या बाजूला जास्त विखुरतात ते बघायचं, आणि लंबगोल त्याच बाजूला लांब ठेवायचा.