फोर्ज : हार कुणाला, बेड्या कुणाला

नमस्कार मंडळी. आज एका इंग्लिश क्रियापदाबद्दल बोलायचंय, आणि पुण्याच्या लोकांना तर ते पाटीवर वाचून वाचून पाठ झालेलं असणार. फोर्ज. मुंढव्याला भारत फोर्ज आहे ना, १९६१ साली निघालेली कंपनी, गाड्यांचे क्रँकशाफ्ट वगैरे घडवते, तेच ते. आता हाच शब्द इंग्लिश पेपरात बघा, पहिल्या पानावर दोन देशांनी नवे संबंध फोर्ज केले म्हणून कौतुक चाललेलं असतं आणि आतल्या पानावर कुणीतरी मार्कशीट फोर्ज केली म्हणून पोलिसांनी उचललेला असतो. क्रियापद तेच, एकाला हार आणि एकाला बेड्या.

मूळ काम लोहाराचं. लोखंड भट्टीत लालभडक तापवायचं, सांडशीत धरून ऐरणीवर ठेवायचं आणि वरून घण. आठवडी बाजाराच्या कडेला घिसाडी बसायचे, तो सांडशी धरून बसलेला आणि बायको उभी राहून घण घालतेय, हे ज्यांनी बघितलंय त्यांना फोर्जिंग वेगळं समजावून सांगायला नको. कारखान्यात घणाच्या जागी मोठाले हॅमर आणि प्रेस आले, स्टील साधारण १२०० डिग्री सेल्सिअसपर्यंत तापवतात, पण तत्त्व तेच. ओतकाम वेगळं बरं का, तिथे धातू वितळवून साच्यात ओततात, इथे वितळू द्यायचाच नाही, नुसता मऊ करून ठोकायचा. लाकडाला जशा आतून रेषा असतात तशी ठोकलेल्या धातूतही एक दिशा तयार होते, ती आकाराबरोबर वळते, मधेच तुटत नाही, म्हणून जो पार्ट रात्रंदिवस पीळ आणि हिसके सोसणार आहे तो फोर्ज करून घेतात. इंग्लिशमधे मैत्रीला, कराराला, एखाद्याच्या करिअरला हे क्रियापद लावतात तेव्हा त्यात ताप आणि मार दोन्ही धरलेलं असतं, निदान असायला हवं. सहज गप्पा मारता मारता जमलेल्या मैत्रीला फोर्ज म्हणणं मला तरी पटत नाही, पण पेपरवाले काय, दोन मंत्र्यांनी हात मिळवले, फोटो काढला, की लगेच फोर्ज.

मग यात खोटेपणा घुसला कुठून? लॅटिनमधे फाबर म्हणजे कारागीर, त्याची कामाची जागा ती फाब्रिका, हा शब्द फ्रेंचांच्या तोंडात झिजत झिजत फोर्ज झाला आणि तिथून इंग्लिशमधे आला. त्याच फाब्रिकावरून फॅब्रिकेट पण आलंय आणि त्याचीही तीच गत, कोपऱ्यावरचा फॅब्रिकेशनवाला खिडकीचं ग्रिल बनवून देतो आणि कोर्टात फॅब्रिकेटेड पुरावा म्हटलं की तो रचलेला. फोर्जच्या बाबतीत खोटे कागद करण्याचा अर्थ मागाहून कधीतरी चिकटलाय असंही नाही, चौदाव्या शतकापासून इंग्लिशमधे दोन्ही अर्थ नांदतायत. नाणी पाडण्यालाही तेव्हा फोर्ज म्हणायचे. नाणं हातोड्यानेच ठोकलं जायचं, त्यामुळे खरं पाडणारा आणि खोटं पाडणारा दोघांची हत्यारं सारखीच, फरक फक्त परवानगीचा आणि धातूचा. आणि आपण तरी काय वेगळं केलं हो? बनवणे वरून बनावट. बनावट नोट, बनावट दाखला, आणि मला बनवू नकोस हे तर घरोघरी चालू असतं.

या गुन्ह्यापायी आपल्याकडे एक बडा माणूस फासावर गेलाय. बंगालचा महाराजा नंदकुमार. १७७५ च्या मार्चमधे त्याने गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर लाच घेतल्याचा आरोप केला, आणि मे महिन्यात आत कोण तर नंदकुमारच, एका जुन्या कर्जरोख्यात फोर्जरी केली म्हणून. खटला कलकत्त्याच्या नव्याकोऱ्या सुप्रीम कोर्टात, सरन्यायाधीश इलायजा इम्पे, तो हेस्टिंग्जचा शाळेपासूनचा दोस्त, आणि ५ ऑगस्टला फाशी दिलीसुद्धा. फोर्जरीला मृत्युदंड हा इंग्लंडचा कायदा, इथे कागद खोटा केला म्हणून जीव घ्यायची रीत नव्हती, तो कायदा जहाजातून आला आणि नेमका याच्या गळ्यात पडला. योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा, मी नाही म्हणणार. अर्थात स्वतःच्या लोकांनाही इंग्रजांनी सोडलं नाही. १७९७ मधे बँक ऑफ इंग्लंडने १ आणि २ पौंडाच्या कागदी नोटा काढल्या, नक्कल करायला अगदी सोप्या, आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत खोट्या नोटांपायी ३०० च्या वर माणसं लटकवली. आज आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम ३३६ लागतं, आधीचं भादंवि ४६३, मराठीत बनावटीकरण, आणि साध्या प्रकाराला दोन वर्षांपर्यंत कैद.

अजून एक फोर्ज राहिलाच, फोर्ज अहेड. हा मुळात जहाजांचा, सतराव्या शतकातला. लोहाराच्या फोर्जशी त्याचं नातं आहे की फोर्स या शब्दाचाच तो बिघडलेला उच्चार आहे यावर कोशवाल्यांचं एकमत नाही. अर्थ मात्र रेटून पुढे जाणे.

आता जाता जाता आयटीआय आणि डिप्लोमाच्या पोरांसाठी. फोर्जिंग म्हणजे ते काम किंवा तो घडवलेला पार्ट. फोर्जरी म्हणजे फक्त आणि फक्त गुन्हा, आणि फोर्जर म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे खोट्या सह्या करणाराच येतो, भट्टीवरचा नाही. फोर्ज्ड स्टील म्हटलं की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त मोजतं, फोर्ज्ड सही म्हटलं की वकील शोधावा लागतो. तेव्हा बायोडेटात फोर्जरीचा तीन वर्षांचा अनुभव असं काही टाकून पाठवू नका, नाहीतर इंटरव्ह्यूला बोलावतील पण भलत्याच ऑफिसात. चला, येतो. नमस्कार.