स्लेज मुलांनाच ओढू द्या

नमस्कार मंडळी. वेळ थोडा आहे, थेट मुद्द्यावर येते. दर जानेवारीत मंडळातल्या कुणा ना कुणाचा फोन येतोच, की मुलांच्या स्काउट ट्रूपमधून क्लॉन्डाइक डर्बीचा ईमेल आलाय, एवढ्या थंडीत दिवसभर बर्फात स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढायची म्हणे, आणि त्याच शनिवारी संक्रांतीच्या डान्सची प्रॅक्टिस, मग पाठवायचं का गं? माझं उत्तर ठाम हो आहे. प्रॅक्टिस रविवारी ठेवू आपण, कमिटीशी बोललेय मी.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांना थोडक्यात सांगते. 1896 मध्ये कॅनडात युकॉनमधल्या क्लॉन्डाइक भागात सोनं सापडलं आणि पुढची दोन वर्षं माणसांची नुसती रीघ लागली. सरहद्दीवरचे कॅनडाचे माउंटेड पोलीस वर्षभराची शिधासामग्री असल्याशिवाय पुढे सोडत नव्हते, सगळं मिळून जवळजवळ टनभर सामान, आणि ते चिलकूट खिंडीच्या चढावर खेपा घालून घालून वर न्यायचं. त्यावरून अमेरिकेतल्या स्काउट्सचा हा खेळ निघाला, 1949 पासून चालू आहे. तेव्हा स्लेज कुत्री ओढायची, इथे त्यांच्या जागी मुलं, सहा-आठ जणांचं एक पॅट्रोल, बहुतेक वेळा त्यांनीच ठोकून तयार केलेली लाकडी स्लेज. प्रत्येक स्टेशन म्हणजे एक गाव, तिथला मोठा माणूस मेयर, आणि काम जसं जमेल तसे नगेट्स, म्हणजे खेळातले सोन्याचे खडे, मिळतात, तेच पॉइंट्स. कुठे होकायंत्रावर दिशा काढायची, कुठे गाठी मारायच्या, कुठे बर्फ फुटून पाण्यात पडलेल्याला दोर टाकायचा. 2019 पासून मुलींचेही ट्रूप आहेत, त्यामुळे मुलींच्या आयांनो, हे तुमच्यासाठी पण आहे.

मी बहुतेक आगीच्या स्टेशनवर असते. तिथे दोन दोऱ्या बांधतो, एक जमिनीपासून फूटभर वर, दुसरी दीड फुटावर. लाकडं खालच्या दोरीच्या वर जाता कामा नयेत आणि जाळाने वरची दोरी तुटली पाहिजे. गेल्या वर्षी एक पॅट्रोल धावत आलं, घड्याळ चालू, पोरांनी बर्फावरच जाड लाकडं रचली आणि काड्यापेटी काढली, नुसता धूर. त्यांची लीडर बारा-तेरा वर्षांची असेल, तिने सगळ्यांना थांबवलं आणि रचलेलं सगळं काढायला लावलं. आधी जाड लाकडं शेजारी शेजारी आडवी टाकून खाली फळीसारखं केलं, कारण जाळाखालचा बर्फ वितळला की तेच पाणी आग विझवतं. दोघांना पाइनच्या खालच्या वाळलेल्या फांद्या मोडून आणायला पाठवलं, एकाला चाकूने ओल्या लाकडाची साल काढून आतला कोरडा भाग तासायला बसवलं. बाजूला एक बाबा सारखे पुढे यायला बघत होते, मी त्यांना हात करून थांबवलं. वेळ गेला, नगेट्स कमी मिळाले, पण दोरी तुटली आणि ती मुलं जी ओरडली ना! ते बाबा बोलले असते तर आग लवकर लागली असती पण ती त्यांची झाली असती, मुलांची नाही, म्हणून माझा एवढा आग्रह आहे की स्लेजपासून लांब राहा, खरंच लांब, कॉफी प्या, फोटो काढा, पण गाठ चुकतेय म्हणून ओरडू नका.

तुमचं काम डर्बीच्या आदल्या रात्रीचं आहे, ते मात्र नीट करा. जीन्स आणि कॉटनचे मोजे अजिबात नको, कॉटन ओलं झालं की ओलंच राहतं आणि अंगातली ऊब खेचून घेतं. आत घाम बाहेर टाकणारं पातळ थर्मल, वर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. स्लेज ओढताना घाम येतो, तेव्हा ओढायच्या आधीच एक थर काढायचा, हे मुलांना घरीच सांगून ठेवा. मोज्यांचा जादा जोड द्या. पाण्याची बाटली घट्ट बंद करून उलटी ठेवायची, पाणी वरून गोठतं त्यामुळे तोंडाशी बर्फ धरत नाही.

कुडकुडणारं मूल अडखळायला लागलं, बोबडं बोलायला लागलं, स्वतःच्या जॅकेटची चेन लावता येईना, तर ते नुसतं गारठलेलं नाही, हायपोथर्मियाची सुरुवात आहे. वाऱ्यातून आडोशाला न्यायचं, ओले कपडे बदलायचे, अंगाखाली काहीतरी जाड घालायचं, शुद्धीवर असेल तर गरम गोड प्यायला द्यायचं, आणि हातपाय चोळायचे नाहीत. हे फर्स्ट एडच्या स्टेशनवर मुलं करून दाखवतात, आणि त्या स्टेशनलाच आम्हाला दरवर्षी माणसं कमी पडतात. आपल्या मंडळात एवढे डॉक्टर आणि नर्स आहेत, एक शनिवार द्या. आधी एक ऑनलाइन सेफ्टी ट्रेनिंग करावं लागतं. नावं मी आजच लिहून घेतेय, हॉलच्या दारापाशी वही घेऊन उभी आहे.